बर्फाला वेगळी तारीख, उसाला का नाही?

दिवाळीच्या दिवसांत घरोघरी पाहुणेमंडळी जमतात, फराळाची ताटे फिरतात आणि चकलीचा तुकडा मोडता मोडता कोणीतरी हटकून म्हणतो, "आता लोकसंख्येत आपला नंबर जगात पहिला!" म्हणणारा हे अशा थाटात म्हणतो, की जणू त्या नंबरासाठी त्याने स्वतः काही विशेष परिश्रम घेतले आहेत. ऐकणारे दोन तऱ्हांचे असतात. एकाची छाती फुगते, दुसरा कपाळाला हात लावतो. पण "हा नंबर मोजला कोणी, आणि केव्हा?" असे विचारणारा तिसरा मनुष्य मला अजून एकाही घरी भेटलेला नाही. त्या गैरहजर तिसऱ्या माणसाच्या वतीने हा लेख लिहीत आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. तो नंबर कोणीही मोजलेला नाही. चीनने २०२० साली आपली माणसे मोजली, ती १४१ कोटी भरली. आपण २०११ साली मोजली, ती १२१ कोटी भरली. आपली पुढची शिरगणती २०२१ साली व्हायची, ती महामारीच्या निमित्ताने पुढे गेली आणि महामारी संपल्यावरही वर्षानुवर्षे पुढेच जात राहिली. दरम्यान २०२३ च्या एप्रिलात संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी हिशेब मांडून जगाला सांगितले, की भारत चीनला मागे टाकीत आहे. तज्ज्ञांचा हिशेब शास्त्रशुद्ध असेल. तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण परीक्षेला न बसता पहिला आलेला विद्यार्थी मी माझ्या साऱ्या मास्तरकीत पाहिला नव्हता, तो ह्या निमित्ताने पाहिला! आमच्या शेजारच्या नेपाळने २०२१ साली माणसे मोजली, बांगलादेशाने २०२२ साली मोजली, पाकिस्तानाने २०२३ साली मोजली. महामारी काय तिकडे वाट चुकली होती?

असो. सणाचे दिवस आहेत, तेव्हा आधी थोडी गंमत करू. घरात नकाशाचे पुस्तक असेल तर ते पोरांपुढे उघडून ठेवा आणि विचारा, रशियात माणसे जास्त की बांगलादेशात? पोरे बोट ठेवतील रशियावर, कारण ते बोट ठेवायला तिथे जागाच एवढी आहे. वस्तुतः रशियाची वस्ती साडेचौदा कोटींच्या आसपास आणि बांगलादेशाची सतरा कोटींच्या घरात. क्षेत्रफळ म्हणाल तर दोन बांगलादेश शेजारी शेजारी मांडले तरी आपल्या महाराष्ट्रात मावतात. कॅनडा घ्या. नकाशावर आपल्या तिप्पट पसरलेला देश, पण २०११ साली तिथे माणसे भरली साडेतीन कोटींनाही कमी. त्याच साली महाराष्ट्रात भरली ११ कोटी २३ लाख. म्हणजे एका महाराष्ट्रातून तीन कॅनडे भरून वर कोटीभर माणूस उरते. जर्मनी त्या वर्षी आठ कोटींवर होता, म्हणजे तोही आपल्या मागेच.

पोर्तुगालची गोष्ट मला सर्वांत आवडते. ह्या देशाने १५१० पासून १९६१ पर्यंत गोव्यावर राज्य केले, आणि चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेईपर्यंत उत्तर कोकणचा किनाराही दाबून धरला होता. २०११ च्या मोजणीत ह्या सबंध देशाची लोकसंख्या भरली १ कोटी ५ लाख ६० हजारांच्या आसपास. आणि वसई तेव्हा ज्या जिल्ह्यात होती त्या ठाणे जिल्ह्याची, पालघर वेगळा होण्याआधीची, त्याच वर्षीची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार! ज्याने आपला एक तुकडा दोनशे वर्षे बळकावला, त्याच्या सबंध देशाहून आपला एक जिल्हा भारी. इंग्रजांचीही तीच कथा. १९०१ साली आयर्लंड धरून त्यांचे सारे घर सव्वाचार कोटींच्या आतले, आणि त्यांच्या ताब्यातला हिंदुस्थान साडेएकोणतीस कोटींच्या घरातला. एका गोऱ्यामागे सात काळे, आणि तरी हुकूम एकाचाच. संख्या म्हणजे सामर्थ्य असे ज्यांना वाटते त्यांनी हे गणित उशाला घेऊन झोपावे.

आता आमच्या घरचे उदाहरण. मी बीड जिल्ह्यातला, नारायणगडाच्या पंचक्रोशीतला मनुष्य. गड म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे बुरूज आणि तोफा येतील. तसे इथे काही नाही. हे नगद नारायण महाराजांचे स्थान. आमच्याकडे ह्याला धाकटी पंढरी म्हणतात. पंढरपूर ज्यांना जमत नाही ते आषाढीला इथे येतात. पॅसिफिक महासागरात तुवालू नावाचा एक देश आहे. त्याची सारी प्रजा दहा-अकरा हजारांची. ती उद्या सहकुटुंब आमच्या आषाढीला आली तर गर्दीत दिसायचीसुद्धा नाही. पण हा देश २००० सालापासून संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद आहे, आणि तिथल्या आमसभेत भारताला जसे एक मत, तसेच तुवालूलाही एक मत. मॉरिशस, जिथे आपली मराठी माणसे पिढ्यानपिढ्या नांदत आहेत, तो देश २०११ साली साडेबारा लाखांच्या आतला. आमचा बीड जिल्हा त्याच्या दुप्पट.

पण बीडचा खरा जोडीदार वेगळाच आहे, आणि तो ऐकून वाचकांना हसू येईल. तो म्हणजे चंगीझखानाचा मोंगोलिया. ज्या देशाने एके काळी अर्धे जग घोड्याच्या टापांखाली घेतले, त्याची वस्ती २०१० च्या शिरगणतीत भरली सुमारे साडेसत्तावीस लाख. बीड जिल्ह्याची वस्ती २०११ साली भरली २५ लाख ८५ हजार ४९. जवळजवळ बरोबरीचे नाते! फरक एवढाच, की त्यांच्या देशात आपले पाच महाराष्ट्र मावतात, आणि आमचे बीड जिल्हे मावायचे झाले तर दीडशेच्या आसपास. दुसरेही एक साम्य आहे. मोंगोलियातले पुष्कळ लोक गुरेमेंढ्यांच्या मागे ऋतूऋतूला तळ हलवणारे. आमच्याकडचे पुष्कळ लोक उसाच्या मागे तळ हलवणारे. पण मोंगोलियात दर वर्षाच्या अखेरीला जनावरांचीसुद्धा मोजदाद होते. घोडा, उंट, गाय, मेंढी, शेळी, सारे मोजले जाते. २०१९ साली ती सात कोटींवर भरली. तिकडची शेळी वर्षाला एकदा मोजली जाते. आमच्याकडचा ऊसतोड्या २०११ साली मोजला गेला असे सरकार म्हणते, आणि तो कुठे मोजला गेला हीच तर माझी तक्रार आहे.

तक्रारीकडे वळण्यापूर्वी शिरगणती ही काय चीज आहे हे थोडे सांगितले पाहिजे. कारण लोकसंख्या म्हणजे डोंगराच्या उंचीसारखी काही निसर्गसिद्ध गोष्ट आहे, असा आपला एक भाबडा समज असतो. डोंगर उन्हाळ्यात मोजला काय नि हिवाळ्यात मोजला काय, उंची तीच. माणसांचे तसे नाही. ती केव्हा मोजली, कुठे मोजली, कोणी मोजली आणि मोजणाऱ्याला कोणता आकडा हवा होता, ह्या चारही गोष्टींचे पाणी त्या आकड्यात मुरलेले असते.

भूतान पाहा. कित्येक वर्षे ह्या देशाची लोकसंख्या बावीस लाखांच्या पुढे असल्याचे अमेरिकन सरकारच्या संदर्भग्रंथातदेखील छापले जात होते. २००५ साली माणसे प्रत्यक्ष मोजली, तर पावणेसात लाखही भरली नाहीत! पंधरा लाख माणसे छापखान्यात जन्मली आणि छापखान्यातच वारली. लेबाननमध्ये सरकारी शिरगणती शेवटची झाली ती १९३२ साली. तिथे राज्याच्या गाद्या धर्मपंथांत वाटलेल्या, राष्ट्राध्यक्ष एका पंथाचा, पंतप्रधान दुसऱ्याचा, सभापती तिसऱ्याचा. आणि ही सारी वाटणी त्या जुन्या आकड्यांच्या पायावर उभी. मोजले तर पाया हलेल, म्हणून कोणी मोजीत नाही. नायजेरियात १९६२ ची शिरगणती भांडणापायी रद्द करून १९६३ साली पुन्हा करावी लागली. तिथली शेवटची मोजणी २००६ ची. पाकिस्तानाची कथा तर आपल्याला जवळची. १९५१ साली पूर्व पाकिस्तानात चार कोटी वीस लाखांच्या आसपास माणसे होती, पश्चिमेत सुमारे तीन कोटी चाळीस लाख. पूर्वेकडे माणसे जास्त, तरी १९५६ च्या घटनेने दोघांना जागा दिल्या सारख्याच. माणसे मोजायची, पण मोजून झाल्यावर मोजलेलीच नाहीत असे वागायचे, ही ती तऱ्हा. पुढे १९७१ साली काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. आणि नशिबाची थट्टा अशी, की आज पाकिस्तान चोवीस कोटींचा झाला आहे आणि बांगलादेश सतरा कोटींच्या घरात थांबला आहे.

आमचा जिल्हा तर एका नव्या देशात जाता जाता राहिलेला. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे ह्या संस्थानाची लोकसंख्या १ कोटी ६३ लाख. त्या साली सबंध कॅनडाची सव्वा कोटीसुद्धा नव्हती, आणि ऑस्ट्रेलियाची १९४७ साली पाऊण कोटीच्या घरात. संख्येवर देश होत असते तर निजामाचा हक्क दोघांच्याही आधी लागला असता. १९४८ च्या ऑगस्टात त्याचे गाऱ्हाणे सुरक्षा समितीपर्यंत पोचलेही होते. पण त्या १ कोटी ६३ लाखांना काय हवे होते हे राजाने विचारले नव्हते. ते १७ सप्टेंबर १९४८ ला दिसून आले. माणसांचा आकडा पुढे करायचा आणि माणसांना मात्र मागे ठेवायचे, ही खोड जुनी आहे आणि ती केवळ राजेरजवाड्यांचीच आहे असेही नाही.

आता मुद्द्याला हात घालतो.

दसरा उलटला, की आमच्याकडची गावे रिकामी होऊ लागतात. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज, परळी, कोणताही तालुका घ्या. बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक भरभरून माणसे निघतात. जिल्ह्यातून काही लाख माणूस असे जाते. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी सातारा-पुण्याकडे, कोणी थेट बेळगावच्या मुलखात. आमच्याकडे ह्याला 'कारखान्याला गेले' असे म्हणतात. वास्तविक कारखान्याच्या यंत्राशी त्यांचा काडीचा संबंध नाही, ते असतात फडात. मुकादम उन्हाळ्या-पावसाळ्यात उचल देऊन ठेवतो आणि ती फेडण्यासाठी हिवाळाभर तोड करायची. ही उचल माणशी ठरत नाही, कोयत्यावर ठरते. आणि इथे वाचकांनी जरा थांबावे, कारण लोकसंख्येच्या कोणत्याही ग्रंथात न सापडणारे परिमाण ह्या धंद्यात आहे. एक कोयता म्हणजे दोन माणसे, नवरा आणि बायको. एकटा गडी आला तर तो 'अर्धा कोयता'. नवरा ऊस तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावर वाहणार. पहाटेच्या अंधारापासून राबणार दोघे, पण मुकादमाच्या वहीत एक. बरोबर आलेली पोरे हिशेबातच नाहीत. दोनांचा एक आणि तिघांचे शून्य, असे पाच माणसांचे घर एका आकड्यात बसवणारी ही शिरगणती दर वर्षी न चुकता होते. सरकारची मात्र दहा वर्षांची मोजणी पंधरा वर्षे उलटली तरी होत नाही!

आणि होते तेव्हा कशी होते? २०११ ची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारी ह्या दिवसांत. हिशेब धरला तो १ मार्चच्या मध्यरात्रीचा. म्हणजे ऐन हंगामात. नियम असा, की त्या वीस दिवसांत जो आपल्या घरी एकदाही नव्हता, त्याला त्या घराच्या कागदावर जागा नाही. तो जिथे असेल तिथे त्याची नोंद व्हायची. नियम वाचायला सरळ आहे. पण फेब्रुवारीच्या त्या वीस दिवसांत आमच्या गावांतून काय असते ते मी सांगतो. मी शाळामास्तर, १९९१ आणि २००१ ह्या दोन्ही शिरगणत्यांत कागद घेऊन दारोदार फिरलेला. भिंतीवर गेरूने घातलेला घरनंबर असतो, दाराला कुलूप असते, आणि ओसरीवर एखादी म्हातारी दोन नातवंडे सांभाळीत बसलेली असते. एका म्हातारीने माझा कागद भरून झाल्यावर विचारले,

"गुरुजी, किती लिव्हले?"

"तीन, माय. तू आणि ही दोन लेकरं."

"आन् बाकीचे? आमचं घर सात माणसाचं हाय. दोन पोरं, दोन सुना कारखान्याला गेल्यात."

"त्यांना तिकडे लिहितील."

"तिकडं कोण वळखतंय त्यांला?"

नियमाच्या पुस्तकात ह्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. तिकडे म्हणजे कुठे? उसाच्या फडाशेजारी माळावर पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्या टाकलेल्या असतात. त्यांना घरनंबर नाही. पंधरा दिवसांनी तळ हलतो. ज्या गावच्या शिवारात तळ पडला त्या गावचा प्रगणक आपली ठरलेली घरे मोजून थकलेला असतो. बिनघराची माणसे मोजायची ती २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत. तो कोपीवर गेला तर माणसे मोजली जातात, पण बेरीज पडते सांगलीच्या, साताऱ्याच्या, बेळगावच्या पदरात. तो गेला नाही, तर ती कुठेच पडत नाही. म्हणून बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार ४९ असे जेव्हा छापून येते, तेव्हा त्या शेवटच्या नवाची मला मोठी मौज वाटते. लाखांच्या घरात शंका आणि एकं स्थानी खात्री!

हे सारे केवळ आकड्याच्या शुद्धतेसाठी चालले आहे असे कोणी समजू नये. गावात ग्रामपंचायतीचे सभासद सात असावेत की नऊ हे लोकसंख्येवर ठरते. आरोग्याचे उपकेंद्र पाच हजारांमागे, प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजारांमागे, असे सरकारी माप आहे. अन्नसुरक्षेचा कायदा २०१३ साली झाला. त्यात देशभरात किती जणांना स्वस्त धान्य द्यायचे ह्याची मर्यादा २०११ च्या शिरगणतीवरून बांधली गेली, सुमारे ८१ कोटी ३५ लाख. त्यानंतर जन्मलेली आणि वाढलेली माणसे त्या मर्यादेच्या बाहेर दाराशी उभी आहेत. ज्या गावातली निम्मी घरे फेब्रुवारीत कुलूपबंद, त्या गावाच्या वाट्याला कुलपाइतकेच यायचे. हीच माणसे चैत्र-वैशाखात परत येतात, आजारी पडतात, बाळंत होतात, पोरे शाळेत घालतात; तेव्हा मात्र त्यांना सांगितले जाते की तुमच्या गावची संख्या मापात बसत नाही.

आणि शिरगणतीने आमचे भले केले नाही असे नाही, हेही सांगितले पाहिजे. २०११ च्या मोजणीत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली भरल्या फक्त ८०७. सबंध महाराष्ट्रात सर्वांत कमी. दहा वर्षांपूर्वी, २००१ साली, त्याच ८९४ होत्या. एवढ्या मुली गेल्या कुठे? जी गोष्ट आतापर्यंत बायका चुलीपाशी कुजबुजत होत्या आणि पुरुष ऐकले न ऐकलेसे करीत होते, ती ह्या एका आकड्याने चव्हाट्यावर आणली. पुढची मोजणी २०२१ साली झाली असती तर तो आकडा सुधारला की आणखी घसरला हे घरोघरच्या गणतीवरून कळले असते. मोजणी पुढे गेली, तेव्हा आमचा हा आरसाही पुढे गेला.

आता बर्फाकडे येतो. आपल्या शिरगणतीत एक फार शहाणपणाची तरतूद आहे. लडाख, काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड इथल्या काही प्रदेशांत फेब्रुवारीत बर्फ पडते, वाटा बंद होतात. म्हणून तिथली मोजणी आधीच उरकतात. २०११ च्या वेळी तिथली तारीख धरली होती १ ऑक्टोबर २०१०. नव्या शिरगणतीची जी अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली, तिच्यातही साऱ्या देशाला १ मार्च २०२७ आणि बर्फाळ मुलखाला १ ऑक्टोबर २०२६ अशा दोन तारखा आहेत. मला ह्या तरतुदीबद्दल आदरच आहे. पण जे बर्फाला कळते ते उसाला का कळू नये? तिकडे प्रगणक माणसापर्यंत पोचू शकत नाही म्हणून तारीख बदलली; इकडे प्रगणक घरापर्यंत सुखाने पोचतो, पण घरात माणूस नसते. परिणाम एकच. शिवाय आमच्यासाठी नवी तारीख शोधण्याचेही कष्ट नकोत. १ ऑक्टोबर ही तीच बर्फाची तारीख आमच्या कामाची आहे. दसऱ्याच्या आसपासचे दिवस. तोड्या अजून गावात असतो, सोयाबीन काढीत असतो, पोरे शाळेत असतात, मुकादमाचा ट्रक अजून वेशीवर लागलेला नसतो.

ह्यावर एक ठरलेले उत्तर येते, की सबंध देश एका क्षणी मोजला पाहिजे, तारखा अशा हलवता येत नाहीत. का येत नाहीत? १९७१ साली लोकसभेच्या मध्यावधी निवडणुका मार्चमध्ये आल्या, तेव्हा साऱ्या देशाची शिरगणती महिनाभर पुढे नेऊन १ एप्रिल ही तारीख धरली होती. आसाम १९८१ साली मोजलाच नाही. काश्मीर १९९१ साली मोजलेच नाही. निवडणुकीपुढे तारीख वाकते, दंग्याधोप्यापुढे वाकते, बर्फापुढे वाकते. न वाकण्याचा बाणा एवढा कोयत्यापुढेच दाखवायचा का?

दुसरे काही विद्वान म्हणतात, की आता प्रत्येकाजवळ आधारकार्ड आहे, रेशनकार्ड आहे. मोजण्याची गरजच काय! ह्यांना एवढेच विचारतो, की कार्डे कधी मरतात काय? आणि फेब्रुवारीत कार्डधारक कुठे आहे हे कार्ड सांगते काय?

तिसरा पक्ष आमच्या घरातलाच आहे, आणि त्याच्याशी भांडणे अधिक जड जाते. २०२४ च्या दसऱ्याला नारायणगडावर मोठा मेळावा भरला. त्याच दिवशी जिल्ह्यातल्या सावरगाव घाटला दुसरा मेळावा भरला. गर्दी दोन्हीकडे होती. कोणाची बाजू खरी हे ठरवायला मी इथे बसलेलो नाही. पण दुसऱ्या दिवशी पारावर जे आकडे ऐकले, त्यांत अमुक लाख, तमुक लाख असे लाख उधळले जात होते. एकेका मैदानात अवघा जिल्हा उभा करून वर शेजारचा जिल्हा मागवावा लागला असता! कोण किती आहे ह्यावरून माणसे हमरीतुमरीवर येतात. आणि ज्या जातवार आकड्यांवरून हे सारे चालते ते सगळ्या जातींचे छापील आकडे शेवटचे आहेत १९३१ चे. नव्या शिरगणतीत जातही विचारणार असे सरकारने २०२५ साली ठरवले, ते बरे झाले. पण माझ्या ह्या साऱ्या गर्जणाऱ्या मंडळींना एक साधा सवाल आहे. मेळाव्याला आलेला तुमचा माणूस पुढच्या पंधरवड्यात कोयता घेऊन निघाला, तो फेब्रुवारीत कोणत्या जिल्ह्यात मोजला जाणार ह्याची चौकशी तुमच्यापैकी कोणी केली? सभेत लाखांनी मोजलेला मनुष्य कागदावर एकाने तरी उतरावा, एवढे तरी बघाल की नाही?

जगात ज्याला शिरगणतीचा पहिला मान देतात तो आइसलँड देश पाहा. १७०३ साली तिथे एकूण एक माणूस नावागावानिशी, वयासकट लिहून काढला. भरले ५०,३५८. आज एखाद्या तालुक्याच्या गावी एवढी वस्ती असते. त्या यादीत दारोदार भीक मागत हिंडणारे निराधार लोकसुद्धा नोंदलेले आहेत. तीनशे वर्षांपूर्वी, बर्फात, घोड्यावरून फिरून त्यांनी भटका मनुष्य गाठला. आमच्याजवळ मोटारी आहेत, टेलिफोन आहेत, आणि नवी शिरगणती तर म्हणे मोबाइलवरच उतरवून घेणार.

अधिसूचनेची तारीख ह्या खेपेला हलणार नाही, हे मला कळते. तारीख नसेल हलवायची तर प्रगणकाला हलवा. प्रत्येक साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात टोळ्यांची यादी असते. कोणत्या मुकादमाची टोळी, किती कोयते, तळ कोणत्या शिवारात, हे सारे तिथे लिहिलेले असते, कारण त्यावाचून ऊस गव्हाणीत पडत नाही. ती यादी प्रगणकाने आधी मागून घ्यावी. एका कोयत्याची दोन माणसे लिहावी आणि पोरे वेगळी लिहावी. माणसाच्या नावापुढे त्याचे मूळ गाव स्पष्ट लिहावे, आणि मोजणीचे तक्ते छापताना 'गावी हजर' ह्या रकान्याशेजारी 'गावचे, परंतु हंगामासाठी बाहेर' असा दुसरा रकाना प्रत्येक गावापुढे छापावा. ह्यासाठी ना नवा कायदा लागतो, ना फारसा खर्च.

फक्त कोप्यांवर जायचे ते दिवस मावळल्यावर जावे. त्याआधी मोठी माणसे फडात असतात आणि तिथे लहान पोरांखेरीज कोणी भेटत नाही. अर्थात पोरांना विचारले तरी चालेल. आपल्या गावाचे नाव ती बिनचूक सांगतात.